वर्ख

अजिंठा चौफुलीच्या पुढे, हॉटेलच्या सातव्या मजल्यावर
दारातच चपला काढायला लावल्या.
माझी नजर आधी पायपुसण्यावर गेली.
सवय.
सराफ बाजारातल्या कारागिरांचं पायपुसणं
मी वर्षातून एकदा विकत घेतो, जाळतो,
राखेतून काढतो गुंज, कधी दीड गुंज.
मयूरी म्हणाली, आबा, आत चला ना.

बाहेर मे महिना, आत माघातली पहाट.
किमोनोतली पोरगी कमरेतून वाकली.
छातीवर नाव 'युकी',
पण "या ना काका" म्हणाली तेव्हा चोपड्याची निघाली.
मीही वाकलो.
वाकायचं मला कुणी शिकवायला नको,
पहाटे चारला, दुकानं उघडायच्या आत
नालीवर वाकून वाकूनच हे केस पिकले.

मग बांबूच्या तबकात ऊन ऊन ओले रुमाल.
तेजाबानं पिवळी पडलेली बोटं
पुसली तरी पिवळीच.
युकीला विचारलं, हे रुमाल धुतलेलं पाणी
कुठे टाकता तुम्ही?
ती हसली. मयूरी नाही हसली.
कारागिरांनी हात धुतलेल्या पाण्याच्या बादल्यांवर
तिच्या कॉलेजच्या फिया भरल्या गेल्यात.

ताटल्या एवढाल्या, आणि त्यात एवढंसं.
हाई काय शे व माय?
कच्चा मासा, आबा.
तापीतली वाम आम्ही रश्शात उकळून उकळून खाल्ली,
हा तर भाताच्या उशीवर नुसता निजलेला.
शेजारी हिरवी गोळी. जपून, म्हणेपर्यंत
मी ती अख्खी तोंडात टाकलेली.
नाकातून थेट टाळूत!
वाटलं, तेजाबाची बाटलीच फुटली.
डोळ्यांना धारा लागल्या,
पण वाफ ओळखीची होती, तीस वर्षांची.

काड्यांतून मयूरीचा भात दोनदा सुटला.
पलीकडच्या डाळमिलवाल्यांनी तर सरळ चमचे मागवले.
मी काड्या धरल्या चिमट्यासारख्या
आणि एकेक शीत उचलत गेलो.
धुळीतून कण वेचणाऱ्याला
शीत म्हणजे केवढं मोठं.
युकीनं आतून आचाऱ्याला बोलावून आणलं.
तो मणिपूरचा. हिंदीत म्हणाला, जपानला होता का?
म्हटलं, नाही भो, इथंच. सराफ बाजारात.

शेवटी आली काळ्या दगडाची ताटली,
थेट कसोटीच.
तिच्यावर हिरवट आइस्क्रीम, त्यावर सोन्याचा वर्ख.
"चोवीस कॅरेट," युकी म्हणाली.
मी आधीच पाहिलं होतं. खोट नव्हती.
गुंजेचा शंभरावा हिस्सा असेल नसेल,
म्हणजे माझं एक घमेलं माती,
दोन तास,
आणि पाऱ्याच्या धुराला चुकवत धरलेला श्वास.

खा ना आबा, वितळतंय.

सोनं खायचं असतं?
आमच्यात ते शेवटी ठेवतात तोंडात.
तिच्या आईच्या ओठांत ठेवलेला कण
मीच धुऊन काढला होता, आदल्याच आठवड्यात,
दुसऱ्याला विकायला.
हे काही मी बोललो नाही.
खाल्लं.

कसं लागलं?
कशाचंच लागलं नाही ग.
जन्म गेला ह्याच्यामागे
आणि ह्याला चवच नाही.
ती इतकी हसली की डाळमिलवाले वळून बघायला लागले.

बिल तिनं फोनवरूनच दिलं, मला आकडा दिसू दिला नाही.
खाली येऊन स्कूटर काढली तेव्हा दिव्याखाली पाहिलं,
तिच्या ओठाच्या कोपऱ्यात वर्खाचा एक तुकडा,
मोहरीच्या सालाएवढा.
माझा अंगठा आपोआप ओला झाला जिभेवर.
उचलणार होतो.

मग मागे बसलो.
महामार्गावर ट्रकचे झोत येत होते,
आरशात ते साल मधूनच चमकायचं, विझायचं.
मेहरूणपर्यंत होतं.
पुढे वारा सुटला,
मी बघायचं सोडून दिलं.